डावीकडची ओढ

१

शेखरची सकाळ साडेनवाला सुरू होई. तोवर त्याची बायको स्नेहल नवा रायपूरच्या ऑफिसची बस पकडायला तेलीबांध्याच्या चौकात गेलेली असे, ओट्यावर पोहे झाकलेले असत आणि मागच्या खोलीतून आईची हाक येई. शेखर उरल्याच्या कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये मीटरं सांभाळायचा. भट्टीचं तापमान, तेलाचा दाब, पाण्याचा जोर, जे जे काट्यावर नाहीतर आकड्यात दिसतं ते खरं की खोटं हे पाहणं त्याचं काम. पंधरा वर्षांत तो त्यात चांगला मुरला होता. गेले तीन महिने त्यानं दुपारची पाळी मागून घेतली होती, कारण सकाळी आईजवळ कुणीतरी हवं होतं.

आई म्हणजे विमलाबाई. रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजवर एकतीस वर्षं काढलेली, दोन्ही हातांनी दोन वायरी एकदम खोचून इकडे गोंदिया आणि तिकडे बिलासपूर जोडून देणारी बाई. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला मेंदूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, धरून धरून चालताही येऊ लागलं. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राही. आणि त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे तिची डावी बाजूच हरवली. डोळे ठीक होते. डॉक्टर म्हणाले, दिसतं सगळं, पण डावीकडेही जग आहे हे मन विसरलंय. ताटातला उजवीकडचा भात ती खायची आणि एवढासाच काहून वाढला म्हणून विचारायची. ताट फिरवून दिलं की उरलेला संपवायची. केस उजवीकडचेच विंचरायची. गॅलरीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली तर 'तेलीबांधा'चं नुसतं 'बांधा' वाचायची, आणि त्यात काही चुकलं असं तिला वाटायचंही नाही.

मंजिरी नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. घराणं रायपुरातलं जुनं मराठी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तिनंच एक दिवस हॉलमधल्या टीव्हीखाली धूळ खात पडलेला गेमचा कन्सोल पाहिला आणि शेखरला म्हणाली की काकूंना हाच खेळायला द्या. पडद्याच्या डावीकडे काहीतरी येत राहील, काकू शोधत राहतील, मान आपोआप वळेल.

२

कन्सोल स्नेहलच्या भावाचा, सुशीलचा. पुण्याला बदली झाली तेव्हा तो इथेच ठेवून गेला होता. शेखरनं टीव्हीसकट सगळं मागच्या खोलीत हलवलं आणि एक साधा खेळ शोधून काढला. तलावात एक होडी आहे. तलावभर कमळं उमलतात. होडी नेऊन ती गोळा करायची, बस. वायर नसलेला काळा कंट्रोलर विमलाबाईंच्या मांडीवर ठेवायचा, त्याच्यावरच्या दोन बुटक्या दांड्यांपैकी एक उजव्या अंगठ्यानं फिरवायची, की होडी चालते. विमलाबाई त्याला रिमोट म्हणत.

पहिले चार दिवस होडी तलावाच्या उजव्या काठालाच घिरट्या घालत राहिली. डावीकडे कमळांची दाटी व्हायची आणि विमलाबाई म्हणायच्या, संपले सगळे. पाचव्या दिवशी होडी मधे आली. आठव्या दिवशी ती डावीकडे वळली आणि काठापर्यंत जाऊन तिनं सहा कमळं टिपली. शेखरनं फोनवर फोटो काढून मंजिरीला पाठवला. मंजिरीनं टाळ्या वाजवणारे हात पाठवले. त्या दिवशी तो मिलमध्ये शिट्टी वाजवत मीटरं तपासत फिरला.

दोन दिवसांनी, पोहे खाता खाता, त्याचं लक्ष पडद्याऐवजी आईच्या हाताकडे गेलं. होडी डावीकडे चालली होती. आईचा अंगठा दांडीवर नव्हताच. तो कंट्रोलरच्या कडेला निवांत टेकलेला होता.

"आई, होडी कोण चालवून राहिलं?"

"मी नाही वळवून राहिली," विमलाबाई म्हणाल्या. "तेच जाते तिकडं. मले वाटलं, तसंच असते."

शेखरनं पोह्यांची ताटली खाली ठेवली. आठ दिवसांची सुधारणा म्हणून जे काही तो जपत होता ते एका बिघडलेल्या दांडीचं काम होतं. मंजिरीला हे कसं सांगायचं, या विचारानं त्याला आधी लाज वाटली आणि मग राग आला. राग आला तो त्या कंट्रोलरचा.

३

मीटर बिघडलं की काय करायचं हे त्याला पाठ होतं. आधी सोपी कारणं, मग अवघड. त्यानं कंट्रोलर रात्रभर चार्ज केला. कन्सोलशी असलेली जोडणी मोडून पुन्हा जोडली. घरातला वायफायचा डबा बंद केला, शेजारच्या फ्लॅटमधल्या शांताबाईंना विनंती करून त्यांचाही करायला लावला. फरक पडला नाही. कन्सोलमध्ये दांड्या तपासायचं एक पान होतं: काळ्या पडद्यावर पांढरं वर्तुळ, मधे एक ठिपका. दांडीला हात लावला नाही तर ठिपका मधोमध बसायला हवा. तो डावीकडे सरकून वर्तुळाच्या अर्ध्यावर थांबलेला असायचा.

मग त्यानं कंट्रोलर उघडला. दांडीच्या मुळाशी धूळ साचली की असं होतं हे त्यानं ऐकलं होतं. मिलमधून आणलेल्या स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. धूळ फारशी नव्हतीच. स्प्रिंग घट्ट होती, दांडी हातानं ढकलली की चटकन सरळ उभी राहत होती. म्हणजे दांडी सरळ, आणि ठिपका डावीकडे.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो डब्याच्या पिशवीत घालून उरल्याला नेला. जेवणाच्या सुट्टीत आपल्या खोलीतल्या लॅपटॉपला जोडला आणि तसंच तपासायचं पान उघडलं. ठिपका मधोमध होता. त्यानं कंट्रोलर हलवला, आपटला, हीटरजवळ धरला, पलीकडे रोलिंगची धडधड चालू असताना टेबलावर ठेवून पाहिला. ठिपका सुईच्या टोकासारखा मधे उभा.

घरी आणून टीव्हीला जोडला तर ठिपका डावीकडे गेला.

शेखरनं लॅपटॉप घरी आणायची परवानगी काढली, कारण आता शंका टीव्हीवर होती. मागच्या खोलीत, आईच्या पलंगाशी बसून, त्यानं कंट्रोलर लॅपटॉपला जोडला. इथेही ठिपका डावीकडेच. म्हणजे टीव्ही ठीक होता, कन्सोल ठीक होता, कंट्रोलरही उरल्याला ठीक होता. आता उरली फक्त ही खोली.

तेवढ्यात बाहेर भाजीवाल्यानं हाक दिली म्हणून तो कंट्रोलर हातात घेऊनच खिडकीकडे वळला. वळता वळता त्याची नजर लॅपटॉपवर पडली आणि तो थांबला.

तो वळला होता तसा ठिपकाही वर्तुळात फिरला होता. आता तो डावीकडे नव्हता, खाली होता. शेखर हळूच पहिल्या जागी आला. ठिपका डावीकडे. दाराकडे तोंड केलं. ठिपका वर. कंट्रोलर कसाही धरला तरी ठिपका खोलीतल्या एकाच बाजूला ओढ घेत होता. आईच्या पलंगाच्या डाव्या बाजूला.

मिलमध्ये नव्या मुलांना शेखर एक गोष्ट नेहमी सांगायचा. ज्या मीटरचा काटा भरकटतो ते बिघडलेलं असतं. पण ज्याचा काटा दर वेळी एकच सांगतो, त्याला बिघडलेलं म्हणू नका. ते काहीतरी मोजून राहिलंय.

४

त्या खोलीची रचना साधी होती. दारातून आत गेलं की समोर खिडकी, खिडकीबाहेर कबुतरांची जाळी. उजव्या भिंतीला उशी लावून विमलाबाईंचा पलंग, म्हणजे खिडकी त्यांच्या उजवीकडे, पायांच्या बाजूला टीव्ही. पलंगाच्या डाव्या अंगाला सहासात फुटांची मोकळी जागा, तिच्या पलीकडे कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि कपाटाशेजारी भिंतीवर कॅलेंडर. पंखा चालू असला की कॅलेंडरची पानं फडफडायची.

लोखंडाचं कपाट पाहून शेखरच्या जिवात जीव आला. कपाटात काहीतरी चुंबकासारखं असणार, किंवा भिंतीतून जाड वायर गेली असणार. त्यानं कपाट रिकामं केलं आणि ओढत हॉलमध्ये नेलं. भिंत ठोकून पाहिली. फोनमधलं होकायंत्र कोपऱ्यात धरलं, तर ते गुपचूप उत्तर दिशा दाखवत होतं. ठिपक्याची ओढ तशीच.

मग त्यानं मिलच्या वहीचं एक पान फाडलं, त्यावर खोलीचा नकाशा काढला, आणि तीन ठिकाणी उभं राहून ठिपक्याची दिशा रेघेनं दाखवली. दारातून एक रेघ, खिडकीतून एक, टीव्हीजवळून एक. तिन्ही रेघा एकाच ठिकाणी छेदल्या. कपाट होतं त्याच्या जरासं पुढे, जमिनीवर, जिथे काहीच नव्हतं.

टेपनं अंतर मोजलं. पलंगापासून साडेपाच फूट.

तो कंट्रोलर पुढे धरून त्या जागेकडे गेला. दोन पावलांवर ठिपका वर्तुळाच्या कडेला जाऊन टेकला. आणखी एक पाऊल टाकलं आणि कंट्रोलर हातात थरथरू लागला. खेळात होडी काठाला आपटली की तो असाच थरथरतो, पण आत्ता कुठलाही खेळ चालू नव्हता. शेखर मागे सरला. थरथर थांबली.

"काय शोधून राहिला रे?" पलंगावरून विमलाबाईंनी विचारलं. त्या उजवीकडे खिडकीतल्या कबुतरांना पाहत होत्या.

"काही नाही. वायर पाहून राहिलो."

रात्री त्यानं स्नेहलला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, नकाशाही पाहिला. मग म्हणाली की तू तीन महिन्यांत एक सुट्टी घेतलेली नाहीस, आणि नवीन कंट्रोलर आणून हा फेकून दे. शेखरला ते पटलं. खरं म्हणजे त्याला ते पटवून घ्यायचंच होतं.

५

गोल बाजाराजवळच्या एका दुकानातून त्यानं नवा कंट्रोलर आणला. त्याचा ठिपका खोलीत कुठेही मधोमध राहायचा. जुना त्यानं फेकला नाही. हॉलमधल्या खणात टाकला.

नव्या कंट्रोलरवर होडी पुन्हा उजव्या काठाला अडकली. विमलाबाई चिडल्या. दोन दिवसांनी त्यांनी तो मांडीवरून खाली सरकवला.

"तो जुना दे मले," त्या म्हणाल्या. "त्याच्यानं मले आठवण राहते, का तिकडंही कोणी आहे."

शेखरनं विचारलं, कोणी म्हणजे काय? विमलाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, काही आहे असं म्हणाले मी. त्या एवढ्या सहज बोलल्या की आपणच चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. पण एक्स्चेंजवरची बाई शब्द चुकत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळी, आई अंघोळीला गेली असताना, त्यानं खणातून जुना कंट्रोलर काढला आणि पुन्हा रेघा मारल्या. रेघा छेदल्या त्या वेगळ्या जागी. टेप लावली. पलंगापासून चार फूट.

त्या दिवसापासून तो रोज मोजू लागला. बुधवारी पावणेचार. शुक्रवारी सव्वातीन. शनिवारी मोजताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. पंखा पाचावर होता, खिडकीचा पडदा हलत होता, पण कोपऱ्यातलं कॅलेंडर स्तब्ध होतं. पंख्याच्या आणि त्याच्या मधे कुणी उभं असावं तसं. तो मुद्दाम दाराजवळ थांबून पाहत राहिला. पाचेक मिनिटांनी पानं पुन्हा फडफडू लागली. त्यानं लगेच दिशा घेतली. तीन फूट.

मोजमाप हाती आलं की माणसाला धीर येतो असं शेखरला आजवर वाटायचं. आता उलटंच झालं. आकडा नसता तर त्यानं सगळं मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं.

६

रविवारी स्नेहल घरी होती. खोलीत ऊन येतं असं कारण सांगून शेखरनं तिच्या मदतीनं पलंग फिरवला. आता पलंगाची डावी बाजू भिंतीला घट्ट लागली होती. मधे हात घालायलाही जागा नव्हती. शेखरनं स्वतः बोटं घालून पाहिली आणि त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली.

सोमवारी सकाळी तो चहा घेऊन आत गेला तर विमलाबाई पलंगाच्या उजव्या काठावर झोपलेल्या होत्या. अगदी काठावर, एक पाय खाली लोंबत होता. एवढ्या मोठ्या पलंगाची भिंतीकडची सगळी बाजू मोकळी होती. कुणाला बसायला जागा हवी म्हणून माणूस सरकून घेतो, तशा त्या सरकल्या होत्या. त्या मोकळ्या बाजूची चादर सपाट नव्हती.

शेखरनं कंट्रोलर आणला नाही. मोजलंही नाही. त्यानं आईला उठवून खुर्चीत बसवलं, चादर काढून बादलीत टाकली आणि एकट्यानं पलंग ओढत पूर्वीच्या जागी नेला. ज्याला उभं राहायचंय त्यानं निदान जमिनीवर उभं राहावं, असा विचार त्याच्या मनात आला. आपण 'ज्याला' असं म्हणालो हे त्याला पलंग जागेवर गेल्यानंतर कळलं.

त्यानं खेळ बंद केला. टीव्ही हॉलमध्ये नेला. मंजिरीला फोन करून सांगितलं की आईला थकवा आहे, एकदोन आठवडे येऊ नका, घरीच व्यायाम करून घेतो. तो काही व्यायाम करून घेत नव्हता. आईशी बोलायचं तर तो तिच्या उजवीकडे बसायचा. ताट द्यायचं तर सगळं वाढून उजवीकडे सरकवून द्यायचा. पाणी, चष्मा, औषध, सगळं उजवीकडे. तिनं मान वळवायला नको, एवढीच त्याची खटपट होती. तिला डावीकडचं दिसत नाही, तोवर ती सुरक्षित आहे असं त्याला वाटायचं. त्या वाटण्याला काही आधार होता का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

चार दिवसांत विमलाबाईंचं चालणं मंदावलं. भिंतीला खांदा घासू लागला. पाचव्या दिवशी शेखर त्यांचे केस विंचरत होता, उजवीकडचेच, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"मी बरी होऊ नये, असं वाटते काय तुले?"

आवाजात राग नव्हता. तो म्हणाला की असं काही नाही, थोडा आराम कर म्हणून थांबलो. विमलाबाईंनी हात सोडला नाही.

"मी अर्धी आहे, ते मले समजते," त्या म्हणाल्या. "तुले वाटते, नाही समजत. समजते मले."

तो स्वयंपाकघरात गेला, नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून उभा राहिला. मग त्यानं मंजिरीला फोन लावला आणि या म्हणून सांगितलं.

७

मंजिरी दुसऱ्या दिवशी अकराला आली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं पाणी घेतलं, शेखरकडे पाहिलं आणि म्हणाली की भैया, तुमचीच तब्येत बरी दिसत नाही. मग टीव्ही मागच्या खोलीत परत आणायला लावला. कंट्रोलर मागितला तेव्हा नवा चार्ज केलेला नव्हता. शेखरला तो चार्ज करता आला असता. त्यानं हॉलच्या खणातून जुना काढला. का काढला ते नंतर त्याला कुणालाही सांगता आलं नसतं. कदाचित आज ते कुठे आहे हे त्याला कळायला हवं होतं.

मंजिरीनं पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल ओढलं आणि विमलाबाईंकडे तोंड करून बसली. कोपरा तिच्या पाठीशी आला. शेखर टीव्हीजवळ उभा राहिला आणि त्यानं तपासायचं पान उघडलं. ठिपका मंजिरीच्या दिशेला वर्तुळाच्या कडेवर टेकला होता. कंट्रोलर त्याच्या हातात बारीक थरथरत होता. त्यानं मनातल्या मनात अंतर धरलं. मंजिरीच्या पाठीमागे, फार तर हातभर.

"मंजिरीताई, तुम्ही इकडं उजवीकडं बसता काय?"

"अरे भैया, तो फिर फायदा क्या?" ती हसून म्हणाली आणि विमलाबाईंकडे वळली. "काकू, मेरी आवाज़ किधर से आ रही है? इधर देखिए. धीरे-धीरे."

विमलाबाईंची मान हलली. आधी खिडकीपासून सुटून टीव्हीपर्यंत आली. तिथे रोज अडायची तशी अडली. मंजिरी सांगत राहिली, और थोड़ा, काकू, और थोड़ा. मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि जिथे तीन महिने कधी गेली नव्हती तिथे नजर गेली. मंजिरीच्या चेहऱ्यावर आली.

मंजिरीच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. पण नजर तिच्या चेहऱ्यावर थांबली नाही. ती मंजिरीच्या खांद्यावरून पुढे गेली आणि वर चढू लागली. उंच माणसाचं तोंड पाहायला जावी तेवढी वर. तिथे थांबली. खोलीत पंख्याचा आवाज होता, पण तो जाड कापडातून आल्यासारखा येत होता.

मग विमलाबाईंचा डावा हात मांडीवरून उठला. चाचपडत खांद्यापाशी गेला, पदराचा काठ त्यानं धरला आणि डोक्यावरून ओढून घेतला. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या या बाईनं कुणासमोर डोक्यावर पदर घेतलेला शेखरनं जन्मात पाहिला नव्हता.

"काकू, हाथ," मंजिरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "भैया, देखा आपने? लेफ्ट हैंड."

"शेखर," विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्याले खुर्ची दे बसाले. केव्हाचा उभा आहे तो."

मंजिरीला वाटलं, काकू गोंधळून शेखरबद्दलच सांगताहेत. शेखर खरंच उभा होता. ती म्हणाली, हो ना भैया, काकू सांगतायत तर बसा की तुम्ही, आणि तिनं विमलाबाईंचा तो डावा हात दोन्ही हातांत घेतला.

शेखर हॉलमध्ये गेला. तिथून दार उघडून खाली रस्त्यावर जाता आलं असतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती ही की बसलेला माणूस पुढे येत नाही. त्यानं नायलॉनच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची उचलली आणि आत आणली. एका हातात कंट्रोलर तसाच होता. मंजिरीच्या पाठीमागे, कोपऱ्याच्या अलीकडे, जिथे थरथर सगळ्यात जास्त झाली तिथे त्यानं खुर्ची ठेवली. थरथर एकदम थांबली. त्यानं कंट्रोलर खुर्चीवर टाकला आणि तो मागे मागे सरत दाराच्या चौकटीला जाऊन टेकला.

खुर्ची कुरकुरली. पट्ट्या हळूहळू खाली दबल्या आणि तशाच राहिल्या.

विमलाबाईंची नजर वरून खाली आली, मंजिरीच्या खांद्याच्या उंचीवर येऊन ठरली.

"हां, अब ठीक है," मंजिरी मागे न पाहता म्हणाली. तिनं तो कुरकुर आवाज ऐकला होता. विमलाबाईंचा हात तिला सोडायचा नव्हता, ती तो चोळत होती, एकेक बोट उघडत होती. आता खेळ लावूया, काकू या हातानं खेळणार, असं काहीतरी ती बोलत राहिली. शेखरला ते शब्द दूर कुठे ऐकू येत होते. त्याला मंजिरीची पाठ दिसत होती, तिची वेणी, आणि वेणीमागे वीतभर अंतरावर ती खुर्ची.

मंजिरीनं आपला उजवा हात मोकळा केला आणि न वळता पाठीमागे पसरला. तळवा वर.

"भैया, कंट्रोलर दीजिए ज़रा."

शेखर दारात होता. खोलीच्या त्या टोकाला. त्याच्यात आणि खुर्चीत सबंध खोली होती. ओरडायला त्यानं श्वास घेतला.

कंट्रोलर मंजिरीच्या तळव्यावर होता. तो खुर्चीवरून हातात कसा आला ते शेखरला दिसलं नाही. त्याची पापणी लवली असावी. त्याला दिसलं ते एवढंच, की तो टाकलेला नव्हता. दांड्या वर, तोंड नीट तिच्याकडे, असा अदबीनं ठेवलेला होता. आणि तिच्या मनगटावरची काचेची बांगडी कशाचा तरी स्पर्श होऊन हलकेच हलली.

"थैंक यू, भैया," मंजिरी म्हणाली.

शेखरनं तोंड उघडलं. विमलाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे एक्स्चेंजवर बसायच्या तेव्हासारखे सावध होते. त्यांनी डावा हात सावकाश उचलला, आणि बोट ओठांवर ठेवलं.